हाडातला सरस

पायाचं सूप रात्री उरलं आणि फ्रीजमध्ये ठेवलं, की सकाळी पातेल्यात सूप नसतंच. तिथे थरथरणारा, चमच्याने कापता येईल असा गोळा असतो. आचेवर धरला की पाच मिनिटांत पुन्हा पातळ. यात पीठ लावलेलं नसतं. हा घट्टपणा बकऱ्याच्या पायातल्या हाडांमधून, कातडीमधून आणि कंडरांमधून आलेला असतो. हीच हाडं आणि कातडी आणखी तासन्‌तास शिजवली, पाणी गाळून आटवलं आणि उरलेला घट्ट रस वाळवला, तर हाती येतो तो सुताराचा सरस.

हा पदार्थ ज्यापासून होतो त्याचं नाव कोलॅजेन. १९व्या शतकातल्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी दोन ग्रीक तुकडे जोडून ते घडवलं. पहिला तुकडा ‘कोल्ला’, म्हणजे सरस. दुसरा ‘गेन’, म्हणजे जन्म देणारं. ग्रीक ‘गेन’ आणि संस्कृत ‘जन्’ हे एकाच मुळातून फुटलेले, म्हणून कोलॅजेनचं मराठी करायचं तर सरळ ‘सरसजनक’ असं करता येईल. आज हे नाव क्रीमच्या डब्यांवर आणि पावडरींच्या पाकिटांवर इतकं मिरवतं, की त्याच्या पोटात सुताराच्या भांड्याचा वास दडलेला आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही.

मला त्या भांड्याबद्दल, म्हणजे ‘कोल्ला’ या शब्दाबद्दल लिहायचं आहे. आपण रोज वापरतो त्या प्रोटोकॉल, कोलाज, कोलॅजेन, कोलॉइड या चार शब्दांत तो बसलेला आहे, आणि चारही ठिकाणी तो वेगळ्या वाटेने पोचला आहे.

आधी एक भेद नीट समजून घ्यायला हवा, आणि सुदैवाने मराठी माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. आपल्याकडे चिकटवायच्या वस्तूंना सरसकट एक नाव नाही. झाडातून पाझरतो तो डिंक. जनावराच्या हाडाकातड्याचा तो सरस. पिठाची शिजवलेली ती खळ. खिडकीच्या काचेला लावतात ते लुकण. ग्रीकांकडेही असाच भेद होता. झाडाच्या डिंकाला ते ‘कोम्मी’ म्हणत आणि हा शब्द त्यांनी इजिप्तकडून घेतला होता; इंग्रजीतला ‘गम’ त्याचाच वंशज. ‘कोल्ला’ मात्र मुख्यतः सरस. इ. स. पूर्व ५व्या शतकात हेरोडोटस इजिप्तमधल्या ममींचं वर्णन करतो तेव्हा हा भेद एका वाक्यात येतो. प्रेताला तागाच्या पट्ट्या गुंडाळतात आणि त्यांवर कोम्मी फासतात, तो सांगतो, आणि पुढे जोडतो की इजिप्तचे लोक बहुतेक ठिकाणी कोल्लाऐवजी हेच वापरतात. म्हणजे बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक पाहून या ग्रीक प्रवाशाला घरचा सरस आठवला.

कोल्लाचे प्रकारही नावानिशी ओळखले जात. बैलाच्या कातड्याचा तो ‘ताउरोकोल्ला’, कारण ताउरोस म्हणजे बैल. माशाचा तो ‘इख्थिओकोल्ला’. रोमन लेखक प्लिनी तर सुतारकामाच्या शोधांचं श्रेय दैदालोस या पुराणातल्या कारागिराला देताना करवत, वाकस, ओळंबा आणि सामता यांच्या रांगेत सरस आणि माशाचा सरसही बसवतो. मला ही यादी फार आवडते. धारदार हत्यारांइतकाच मान तिथे एका चिकट रसाला मिळालेला आहे, आणि तो रास्तच आहे. करवत लाकडाचे तुकडे करते, पण तुकड्यांची पेटी सरसाशिवाय होत नाही.

आता गंमत अशी, की ‘कोल्ला’ हे नाम ग्रीक साहित्यात दिसण्याच्या कितीतरी आधी त्याच्या कुळातलं विशेषण दिसतं. होमरच्या ‘इलियड’मध्ये रथ ‘कोल्लेतोस’ असतात, ‘ओडिसी’त दारं ‘कोल्लेतोस’ असतात. याचा अर्थ सांधा पक्का बसलेले, एकजीव जुळवलेले. ‘इलियड’च्या १५व्या सर्गात आयास हा वीर एका गलबतावरून दुसऱ्या गलबतावर उड्या टाकत २२ हात लांबीचा भाला फिरवतो. इतका लांब भाला एकाच काठीचा नाही. तो कड्या बसवून सांधलेला आहे, आणि त्याच्यासाठीही शब्द ‘कोल्लेतोस’च. सांधा धातूच्या कड्यांचा असला तरी शब्द सरसाच्या घरातला.

इथेच या शब्दाचा स्वभाव कळतो. तो चिकटपणाचा शब्द नाही. मध चिकट असतो, पण मधाने दार बसत नाही. ‘कोल्ला’ आणि त्याचं क्रियापद ‘कोल्लाओ’ यांच्या अर्थाचं केंद्र आहे वेगवेगळ्या वस्तूंची एक वस्तू होणं. मराठीत ‘चिकटणे’ म्हटलं तर निम्मा अर्थ सांडतो. याला आपला खरा शब्द ‘जडणे’. दागिन्यात खडा जडतो, जीव जडतो, आणि नको असलेला आजारही जडतो. ‘कोल्लाओ’ ग्रीकमध्ये ही तिन्ही कामं करतं. मॅथ्यूच्या शुभवर्तमानात पुरुष आईवडिलांना सोडून बायकोशी एक होईल असं वाक्य आहे. तिथे मूळ ग्रीकमध्ये हेच क्रियापद आहे, आणि मराठी बायबलात ते ‘जडून राहील’ असं वाचायला मिळतं. भाषांतरकाराने इथे नेमका शब्द उचलला.

पिंडार हा कवी इ. स. पूर्व ५व्या शतकातला. खेळात जिंकलेल्यांची स्तुतिगीतं रचणं हा त्याचा व्यवसाय. एका गीतात तो म्हणतो की काव्यदेवता सोनं, पांढरं हस्तिदंत आणि समुद्राच्या दवाखालून काढलेलं नाजूक फूल, म्हणजे पोवळं, एकत्र जडवते. त्या ओळीतलं क्रियापद ‘कोल्लाइ’. कविता रचण्याला त्याने सरसाचं काम म्हटलं आणि त्यात कमीपणा मानला नाही.

धातूंच्या कारागिरांनीही हा शब्द उचलला. हेरोडोटस सांगतो की लिडियाचा राजा अलियात्तेस याने डेल्फीच्या देवळाला चांदीचं मोठं भांडं वाहिलं. ते ज्या लोखंडी बैठकीवर ठेवलं होतं ती खिओस बेटाच्या ग्लाउकोसने केली होती, आणि लोखंडाचं ‘कोल्लेसिस’, म्हणजे लोखंडाला लोखंड सांधण्याची कला, जगात या एकट्यानेच शोधली. सोनारांकडे ‘ख्रिसोकोल्ला’ होतं. ख्रिसोस म्हणजे सोनं. तेव्हा हा सोन्याचा सरस. सोन्याला झाळ देताना वापरायच्या तांबंयुक्त हिरव्या खनिजाचं हे नाव. पुढे १६व्या शतकात खाणशास्त्रावर लिहिणाऱ्या आग्रिकोलाने हे नाव टाकणखाराला लावलं, कारण युरोपातले सोनार तोवर झाळकामात टाकणखार वापरू लागले होते. हा खार पूर्वेकडून यायचा आणि त्याचं युरोपातलं व्यापारी नाव ‘टिंकल’ आपल्या ‘टंकण’वरूनच आलेलं. आपल्या सोनाराच्या पेटीत टाकणखार आजही सापडतो. त्याचं काम खरं तर चिकटवण्याचं नाही. तापलेल्या धातूवर जी राप धरते ती तो विरघळवून टाकतो, त्यामुळे वितळलेली झाळ स्वच्छ धातूवर पसरते. पण ग्रीक कारागिराला या रसायनाशी कर्तव्य नव्हतं. दोन तुकडे एक झाले ना, मग ते कोल्ला.

ऍरिस्टॉटलने एक ग्रीक कोडं टिपून ठेवलं आहे: अग्नीच्या मदतीने माणसावर कांसं जडवणारा माणूस मी पाहिला. ओळखा पाहू. उत्तर आहे तुंबडी लावणं. वैद्य काशाच्या वाटीत आग धरतो, आतली हवा तापून विरळ होते, वाटी पाठीवर उपडी घातली की हवा निवते आणि वाटी घट्ट धरून बसते. ऍरिस्टॉटल म्हणतो की या क्रियेला स्वतःचं नाव नव्हतं, म्हणून कोडं रचणाराने ‘कोल्लाओ’ वापरलं, आणि तो याला चांगल्या रूपकाचं उदाहरण मानतो. आपल्याकडे ‘तुंबडी लावणे’ असं स्वतंत्र नावच असल्यामुळे मराठीत हे कोडं इतकं अवघड उरत नाही.

पण या सगळ्या उदाहरणांत मला सर्वांत मोलाचं वाटतं ते एंपेडोक्लीसचं. हा सिसिलीतल्या अक्रागास शहराचा, इ. स. पूर्व ५व्या शतकातला तत्त्वज्ञ. पृथ्वी, आप, तेज, वायू या चार मुळांपासून सगळं झालं, असं त्याने कवितेत मांडलं. त्या कवितेच्या उरलेल्या तुकड्यांत हाडांची कृती आहे, अगदी स्वयंपाकाच्या मापाने: आठ भागांपैकी दोन पाण्याचे, चार अग्नीचे, उरलेले मातीचे, आणि त्यातून पांढरी हाडं झाली, हार्मोनियाच्या सरसाने सांधलेली. हार्मोनिया ही ग्रीकांची मेळाची देवी. ‘सरसाने’ला मूळ शब्द ‘कोल्ला’चंच रूप.

एंपेडोक्लीसला कोलॅजेन ठाऊक नव्हतं, आणि त्याने विज्ञान आधीच ओळखलं होतं असला दावा मी करणार नाही. त्याने पाहिलं असेल ते एवढंच, की हाडं उकळली की सरस निघतो. मग हाड ज्याने धरून ठेवलं आहे तो सरस आतच असणार. हा विचार सरळ आहे आणि बरोबर आहे. घरी करून बघता येतो. कोंबडीच्या पायाचं एक स्वच्छ केलेलं हाड बाटलीभर व्हिनेगरमध्ये चारसहा दिवस बुडवून ठेवा. आम्लात हाडाचं खनिज, म्हणजे कॅल्शियमचा भाग, विरघळून जातो. आकार तोच राहतो, पण हाड रबरासारखं वाकतं. जे उरलं ते कोलॅजेन. उलट हाड जाळलं तर कोलॅजेन जळून जातं आणि पांढरं खनिज उरतं, बोटांत दाबलं तर चुरा होणारं. हाडाची ताकद या दोघांच्या संगतीत आहे.

आता वळू कागदाकडे, कारण ‘कोल्ला’चा सर्वांत लांबचा प्रवास तिथून सुरू होतो.

इजिप्तच्या पपायरसचा, म्हणजे लव्हाळ्यासारख्या वनस्पतीपासून केलेल्या कागदाचा, एकेक ताव फार मोठा करता येत नसे. म्हणून ताव शेजारी शेजारी ठेवून, कडेवर कड चढवून चिकटवत आणि गुंडाळी करत. प्लिनी सांगतो की दुकानातून निघणाऱ्या गुंडाळीत २० पेक्षा जास्त ताव नसत. चिकटवायला काय वापरत तेही त्याने लिहून ठेवलं आहे: बारीक पिठी, उकळतं पाणी आणि व्हिनेगरचे थोडे थेंब. सुताराचा सरस आणि डिंक दोन्ही वाळल्यावर कडक होऊन तडकतात, म्हणून ते नकोत. गुंडाळी उलगडताना सांधा लवायला हवा. आपला बुकबाइंडर आजही याच कारणासाठी खळच शिजवतो. तो तीत मोरचूद घालतो, किडींसाठी. कारणं वेगळी, पण पिठात काहीतरी मिसळायला हवं हा हिशेब दोन हजार वर्षं टिकलेला आहे.

पपायरसच्या एका तावाला ग्रीक लोक ‘कोल्लेमा’ म्हणत, म्हणजे चिकटवलेला तुकडा, आणि दोन तावांच्या सांध्याला ‘कोल्लेसिस’. जुने पपायरस वाचणारे अभ्यासक आजही सांध्याला हाच शब्द वापरतात. गुंडाळीतला शेवटचा ताव तो ‘एस्खातोकोल्लियोन’. रोमन कवी मार्शियल एका कंटाळलेल्या वाचकाला याच शब्दाने टोकतो: जेमतेम दोन पानं वाचलीस आणि लगेच शेवटचा ताव कुठे आहे ते बघतोस! आणि सर्वांत पहिला ताव तो ‘प्रोतोकोल्लोन’. प्रोतोस म्हणजे पहिला. आपला प्रोटोकॉल तो हा.

गुंडाळीचा पहिला ताव बाहेरच्या बाजूला येतो, त्यामुळे झिजतो, मळतो. तिथे मजकूर लिहीत नसत. पण नेमक्या त्याच जागी सरकारी खूण करणं सोयीचं होतं. इ. स. ५३७ साली सम्राट जस्टिनियनने कॉन्स्टँटिनोपलच्या दस्तलेखकांसाठी हुकूम काढला: ज्या कागदाला प्रोटोकॉल आहे त्याच कागदावर दस्त लिहायचा. त्या पहिल्या तावावर राज्याच्या खजिन्याच्या प्रमुखाचं नाव आणि कागद केव्हा तयार झाला ते असतं, आणि ते कापून टाकायचं नाही. का? कारण जुन्या तारखेचा खोटा दस्त करणारा पहिला ताव कापूनच टाकेल. कागद पाच वर्षांपूर्वीचा आणि दस्त वीस वर्षांपूर्वीचा असं निघालं, तर खोटेपणा तिथेच पकडता येतो. आपल्याकडच्या स्टँप पेपरची तारीख तपासतात, त्यातलाच हा प्रकार. पुढे इजिप्तवर अरबांचं राज्य आलं तरी पपायरसचे कारखाने चालूच राहिले आणि पहिल्या तावावर ग्रीकसोबत अरबी मजकूर येऊ लागला. सत्ता बदलली की आधी पहिलं पान बदलतं.

मोडी कागदपत्रं पाहिलेल्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल. तिथेही लांब मजकुरासाठी कागदाचे बंद एकाखाली एक चिकटवलेले, माथ्याला शिक्का, आणि शेवटी मजकूर इथे संपला असं सांगणारं मोर्तब: ‘मर्यादेयं विराजते’ किंवा ‘लेखनसीमा’. वरून कुणी काढू नये, खालून कुणी वाढवू नये. त्याचा ग्रीक रीतीशी संबंध नाही. कागद जोडून लिहिणाऱ्या प्रत्येक राज्याला ही एकच चिंता सतावते.

प्रोटोकॉलचा पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. मध्ययुगीन लॅटिनमध्ये तो दस्तलेखकाच्या मूळ नोंदीचं नाव झाला. फ्रेंचमध्ये सरकारी पत्रांच्या ठरावीक मायन्याचं, आणि मग राजदूतांनी कुणी कुठे बसायचं, कुणी आधी वाकायचं याच्या नियमांचं. आपण त्याला राजशिष्टाचार म्हणतो. देशादेशांतल्या कराराचा मसुदा तो प्रोटोकॉल, म्हणून १९८७चा माँट्रियल प्रोटोकॉल आणि १९९७चा क्योतो प्रोटोकॉल. १९७४ मध्ये व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी वेगवेगळी संगणक-जाळी एकमेकांना जोडण्याची रीत एका लेखात मांडली, त्याच्या शीर्षकातही प्रोटोकॉल होता. आजचं इंटरनेट त्या रीतीवर उभं आहे. इथे एक मजेची गोष्ट घडते. इंटरनेटवरून जाणारी माहिती लहान लहान पुडक्यांत जाते, आणि प्रत्येक पुडक्याच्या पुढे एक छोटा मथळा जोडलेला असतो: कुठून निघालं, कुठे जायचं, आत काय प्रकारचा माल. मूळ मजकूर त्याच्या मागे. म्हणजे पपायरसच्या गुंडाळीच्या पुढे जो ताव चिकटवायचे, तोच. शब्द निवडणाऱ्यांच्या मनात पपायरस असण्याचं कारण नाही, तरी शब्द आपल्या जुन्या जागी जाऊन बसला.

दुसरी वाट फ्रान्समधली. ग्रीक ‘कोल्ला’ बोलीतल्या लॅटिनमधून फ्रेंचमध्ये ‘कोल’ झाला आणि चिकटवण्याच्या क्रियेला ‘कोलाज’ म्हणू लागले. भिंतीवर कागद लावणाऱ्या कामगाराचा हा शब्द. १९१२ मध्ये पिकासोने वेताच्या विणीचं चित्र छापलेला मेणकापडाचा तुकडा आपल्या चित्रात चिकटवला आणि कडेने दोर लावला. त्याच वर्षी त्याचा मित्र ब्राक याने लाकडासारखा दिसणारा भिंतीचा कागद चित्रात वापरला. ब्राक रंगारी-सजावटकाराचं काम शिकलेला होता. भिंतीला कागद कसा लावतात हे त्याला हाताने माहीत होतं. मला वाटतं हे महत्त्वाचं आहे. कलेत क्रांती झाली असं आपण म्हणतो, पण आधी खळीचा ब्रश हातात होता.

इथे एक सावधगिरीची सूचना. एकदा ‘कोल’ दिसायला लागला की सगळीकडे दिसतो, आणि तो मोह आवरायला हवा. कलेक्टर हा लॅटिनच्या ‘गोळा करणे’ या क्रियापदाचा, कॉलेज ‘सहकारी’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दाचा, कॉलर ‘मान’ या शब्दाची, आणि बाटलीतला कोला आफ्रिकेतल्या एका झाडाच्या बीचा. यांपैकी कुणाचाही सरसाशी संबंध नाही. शब्दाचं कूळ आवाजावरून ठरत नाही. एकेक पायरी मागे जात, प्रत्येक शतकात तो कुठे कसा लिहिला गेला ते पाहत ठरवावं लागतं. ‘कोल्ला’ तसा ग्रीकच्याही मागे नेला, तर भाषाशास्त्रज्ञ त्याचं नातं रशियन ‘क्लेय’ या सरसाच्याच शब्दाशी जोडतात.

तिसरी वाट प्रयोगशाळेतली. १८६१ मध्ये थॉमस ग्रॅहम या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने पाहिलं, की मीठ आणि साखर यांचं पाणी चर्मपत्रासारख्या कागदातून आरपार जातं. जिलेटिन, डिंक, स्टार्च यांचं जात नाही. दुसऱ्या गटाचा नमुना जिलेटिन, म्हणजे सरसच, म्हणून त्या गटाचं नाव ‘कोलॉइड’, सरसासारखं. आणि अशा पडद्याने दोन्ही वेगळे करण्याच्या क्रियेला त्याने ‘डायलिसिस’ म्हटलं. मूत्रपिंडाच्या रुग्णाला आठवड्यातून दोनतीनदा जे करावं लागतं त्याच्या मुळाशी हेच आहे: रक्तातले नको असलेले बारीक रेणू पडद्यातून जातात, मोठी प्रथिनं आणि पेशी अलीकडेच राहतात. पुढे कळलं की कोलॉइड हा पदार्थाचा प्रकार नाही, अवस्था आहे. कण साध्या रेणूपेक्षा मोठे पण तळाला न बसतील इतके लहान असले की झालं. दूध, शाई, धुकं, रक्त, सगळेच त्यात आले. मराठी पाठ्यपुस्तकांत याला ‘कलिल’ म्हणतात. गीतेत ‘मोहकलिलं’ म्हणून येतो तोच हा संस्कृत शब्द, घट्ट गढूळ मिसळणीचा. ज्याने तो निवडला त्याला उच्चारही जवळचा मिळाला आणि अर्थही. पारिभाषिक शब्द असा भेटावा.

आणि आता परत हाडाकडे.

कोलॅजेन म्हणजे प्रथिनाच्या तीन लांब साखळ्यांचा एकमेकींभोवती वळलेला पीळ. दोरी वळतात तसा. प्रत्येक साखळीत दर तिसऱ्या जागी ग्लायसीन हे सर्वांत छोटं अमिनो आम्ल असतं, कारण पिळाच्या आतल्या बाजूला त्याहून मोठं काही मावतच नाही. असे पीळ शेजारी शेजारी बसून तंतू होतात. आपल्या शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी सुमारे एक तृतीयांश हेच. ही तीन पदरी रचना १९५४ मध्ये मद्रास विद्यापीठातून जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी ‘नेचर’मध्ये मांडली, पुढच्याच वर्षी त्यांनी तिला आणखी एक वळण दिलं. एक्स-किरणांच्या छायाचित्रांवरून, संगणकाशिवाय, मद्रासमध्ये बसून केलेलं हे काम. शाळेत डीएनएचा दुपदरी गोफ सगळे शिकतात. हा तीन पदरी गोफ भारतात उलगडला हे मात्र फार कमी जणांना माहीत असतं, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पाण्यात शिजवलं की हा पीळ सुटतो. तीन साखळ्या मोकळ्या होऊन पाण्यात पसरतात, ते जिलेटिन. गार झालं की साखळ्या पुन्हा जागोजागी एकमेकींत गुंतू पाहतात आणि त्यांच्या जाळ्यात पाणी अडकतं. सकाळच्या सुपाचा गोळा तो हाच. सुतार गरम सरस लाकडाला लावतो तेव्हा त्या साखळ्या लाकडाच्या छिद्रांत शिरतात, लाकडाच्या तंतूंना बिलगतात, आणि पाणी उडून गेलं की तिथेच कडक होतात. सरसाचं भांडं थेट आचेवर न ठेवता गरम पाण्याच्या भांड्यात ठेवतात तेही यामुळे. फार उकळलं तर साखळ्या तुटतात आणि सरस निकामी होतो. व्हायोलिन करणारे आजही सरसच पसंत करतात, कारण वाद्य दुरुस्त करायची वेळ आली तर ऊब आणि ओल देऊन सांधा सोडवता येतो.

शरीराला हा पीळ घट्ट ठेवण्यासाठी क जीवनसत्त्व लागतं. साखळीतल्या प्रोलीन या घटकावर एक छोटी रासायनिक खूण करावी लागते, ती करणारं विकर क जीवनसत्त्वाशिवाय थकून बसतं. खूण नसेल तर पीळ शरीराच्या उबेलाही टिकत नाही. (कोलॅजेन विकत घेऊन प्यायलं तरी ते तसंच्या तसं त्वचेत जाऊन बसत नाही. पोटात त्याचे इतर प्रथिनांसारखेच तुकडे होतात. पीळ शरीराला स्वतःच वळावा लागतो.) पूर्वी महिनोन्‌महिने ताज्या भाजीफळांशिवाय समुद्रावर राहणाऱ्या खलाशांना स्कर्व्ही व्हायचा तो यामुळे. हिरड्या सुजत, जखमा भरत नसत.

१७४० मध्ये जॉर्ज ॲन्सन इंग्लंडहून जगप्रदक्षिणेला निघाला, तेव्हा ‘सेंच्युरियन’ जहाजावर एक म्हातारा सैनिक होता. १६९० मध्ये आयर्लंडमधल्या बॉइनच्या लढाईत तो जखमी झाला होता. जखमा भरून पन्नास वर्षं उलटली होती. सफरीच्या वृत्तांतात नोंद आहे की स्कर्व्हीने त्याच्या त्या जुन्या जखमा पुन्हा उघडल्या, आणि केव्हाच जुळून आलेलं मोडकं हाड सांध्यावर सुटलं, जणू ते कधी जुळलंच नव्हतं. शरीर जुनं कोलॅजेन सतत मोडत आणि नवं घालत असतं. नवं येणं थांबलं की सांधा उरत नाही. एंपेडोक्लीसच्या ओळीतला सरस त्या माणसाच्या हाडातून निघून गेला होता.

सरसाचा आणखी एक ग्रीक शब्द विज्ञानात गेला आहे, त्याची नोंद करून ठेवतो: ‘ग्लिया’. १९व्या शतकाच्या मध्यावर रुडॉल्फ विर्खोने मेंदूत चेतापेशींच्या मधल्या पदार्थाला ‘न्यूरोग्लिया’ म्हटलं, चेतांना धरून ठेवणारा सरस अशा समजुतीने. त्या पेशी चेतांना पोसतात, त्यांच्यावर आवरण घालतात, कचरा उचलतात, हे नंतर कळलं. नाव राहून गेलं. इंग्रजीतला ‘ग्लू’ आणि कणीक मळताना ताण देणारं ‘ग्लूटेन’ या ‘ग्लिया’चे नातलग, ‘कोल्ला’चे नव्हेत.

ग्रीसमध्ये ‘कोला’ आजही रोजच्या तोंडातला शब्द आहे. उच्चारात आता ‘ल’ एकच. जिवलग मित्र तो ‘कोलितोस’, होमरच्या रथांचं विशेषण आता मित्राला. फ्लू झाला तर तो ‘जडला’ म्हणताना हेच क्रियापद, संगणक अडकला तरी हेच. टाळी द्यायची तर हात पुढे करून म्हणतात ‘कोला तो’, चिकटव! आणि कागदाच्या कोऱ्या तावालाही ‘कोला’ म्हणतात. परीक्षेत काहीच न लिहिता उठलेल्या मुलाने ‘लेफ्की कोला’ दिली, पांढरा ताव दिला, असं अथेन्समधले शिक्षक आजही सांगतात.